जुनी वेदी, नवी वेदी : ऐतिहासिक चर्चच्या अंतर्रचनेविषयी ख्रिस्तसभेची भूमिका

जुन्या चर्चच्या दुरुस्तीचा विषय निघाला की दोन टोकांची मते ऐकू येतात. 'दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने जुन्या वेद्या काढायला सांगितल्या आहेत', असे काहीजण ठामपणे सांगतात. 'परिषदेने पूर्वजांचा ठेवा उद्ध्वस्त केला', असे इतर काहीजण खेदाने म्हणतात. ख्रिस्तसभेचे दस्तऐवज वाचले असता ही दोन्ही विधाने टिकत नाहीत. म्हणून या विषयाची थोडी उकल करणे आम्हाला अगत्याचे वाटते.

परिषदेने काय सांगितले?

पवित्र उपासनेविषयीचा परिषदेचा दस्तऐवज ४ डिसेंबर १९६३ रोजी प्रसिद्ध झाला. भाविकांनी उपासनेत समजून-उमजून आणि सक्रिय सहभाग घ्यावा, हे त्याचे मुख्य सूत्र होय. वेदी भाविकांच्या दिशेने फिरवावी, असा आदेश त्यात कोठेही नाही. उलट, पवित्र वस्तू व मौल्यवान कलाकृती विकल्या जाऊ नयेत किंवा नष्ट होऊ नयेत, याची दक्षता घेण्याची जबाबदारी त्याने बिशपांवर सोपवली आहे.

वेदीविषयीची सूचना २६ सप्टेंबर १९६४ च्या अंमलबजावणीच्या दस्तऐवजात आली. मुख्य वेदी भिंतीपासून सुटी असावी, म्हणजे तिच्याभोवती फिरता येईल आणि भाविकांकडे तोंड करून मिस्सा अर्पण करता येईल, असे त्यात म्हटले आहे. ७ मार्च १९६५ पासून ही सूचना लागू झाली. त्यापूर्वी बहुतेक चर्चमध्ये वेदी भिंतीलगत असे आणि धर्मगुरू व भाविक एकाच दिशेला तोंड करून प्रार्थना करीत असत.

आता प्रश्न उभा राहिला तो शतकानुशतके जुन्या चर्चचा. अनेक देशांत घाईघाईने निर्णय झाले. कोरीव वेद्या, संगमरवरी कठडे, प्रवचनपीठे हलवली गेली. काही कायमची नाहीशी झाली. याची दखल घेऊन ११ एप्रिल १९७१ रोजी रोमने सर्व बिशप मंडळांना परिपत्रक पाठवले. उपासनेतील सुधारणेचे निमित्त करून कलेचा वारसा नष्ट केला जात असल्याबद्दल त्यात चिंता व्यक्त केली होती.

जुन्या वेदीचे काय करावे?

याचे स्पष्ट उत्तर रोमन मिस्सा-ग्रंथाच्या सर्वसाधारण सूचनांमध्ये (क्रमांक ३०३) मिळते. जुन्या वेदीमुळे भाविकांचा सहभाग अवघड होत असेल आणि कलामूल्यांना धक्का न लावता ती हलवता येत नसेल, तर दुसरी स्थिर वेदी कुशलतेने उभारावी, विधिपूर्वक समर्पित करावी आणि मिस्सा केवळ तिच्यावरच अर्पण करावी. भाविकांचे लक्ष नव्या वेदीवरून ढळू नये म्हणून जुन्या वेदीची खास सजावट करू नये. जुन्या वेदीवर परमपवित्र साक्रामेंताची पेटी ठेवण्याची मुभाही आहे (क्रमांक ३१५). म्हणजेच जुनी वेदी पाडणे ही सुधारणेची अट नाही.

बदल पूर्वीही झाले

चर्चची अंतर्रचना कधीच गोठलेली नव्हती, हेही आपण ध्यानात घ्यावे. फ्लॉरेन्सच्या सांता क्रोचे आणि सांता मारिया नोव्हेल्ला या चर्चमध्ये भाविक व मठवासी यांच्यामध्ये उंच आडभिंत होती. १५६० च्या दशकात वास्तुकार व्हसारी यांनी ती काढली आणि मुख्य वेदी सर्वांना दिसू लागली. आज आपण ज्याला 'परंपरागत' म्हणतो, तेही कधीकाळी नवे होते.

दोन बोलकी उदाहरणे

आयर्लंडमधील कोव्ह येथील संत कोलमन कॅथेड्रलची उभारणी १८६८ मध्ये सुरू झाली. तेथील वेदीमंडप पुढे वाढवण्याची, त्यासाठी कठडा हलवण्याची व मोझेक फरशीचा काही भाग काढण्याची योजना धर्मप्रांताने मांडली. नगरपालिकेने २००५ मध्ये परवानगी दिली. परंतु अनेक भाविकांनी अपील केले आणि २००६ मध्ये आयर्लंडच्या नियोजन अपील मंडळाने ती नाकारली. बिशप आणि भाविक यांच्यातील मतभेद शासकीय मंडळासमोर सोडवावे लागणे, ही कोणत्याही धर्मप्रांताला क्लेशदायकच बाब होय.

दुसरे उदाहरण पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलचे. १५ एप्रिल २०१९ च्या आगीत छताचा भाग कोसळून १९८९ मधील वेदी नष्ट झाली. ग्वियोम बार्दे या कलावंताने कांस्यधातूची साधी, भारदस्त नवी वेदी घडवली. ८ डिसेंबर २०२४ रोजी आर्चबिशप लोराँ उल्रिक यांनी तिचे समर्पण केले. तिच्यामागे अठराव्या शतकातील जुनी वेदी आणि मृत येशूला मांडीवर घेतलेल्या मातेचे शिल्प पूर्वीच्याच जागी आहे. प्रवेशद्वाराजवळ स्नानसंस्काराचे नवे कुंड आहे. बाप्तिस्म्याने आपण ख्रिस्तसभेत प्रवेश करतो, हे ते येणाऱ्याला सांगते. नव्याला जागा मिळाली आणि जुने शाबूत राहिले.

आपल्यासाठी बोध

वसई आणि गोव्यातील जुन्या चर्चमध्येही पूर्वजांनी श्रद्धेने उभारलेल्या कोरीव वेद्या आहेत. कोठलेही काम हाती घेण्यापूर्वी धर्मग्रामाने काही प्रश्न स्वतःला विचारावेत. या बदलाने भाविकांचा सहभाग खरोखर वाढणार आहे काय? तज्ज्ञांचा सल्ला घेतला काय? पुरातन व मौल्यवान प्रतिमांच्या दुरुस्तीसाठी बिशपांची लेखी परवानगी लागते (धर्मसंहिता, कलम ११८९). ती घेतली काय? कामापूर्वी छायाचित्रे काढून, मापे घेऊन नोंद ठेवली काय? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, ज्या वेदीपुढे आपल्या आजी-आजोबांचे विवाह लागले, तिच्यात बदल का होत आहे, हे भाविकांना आधी समजावून सांगितले काय?

भाविकांचा सहभाग वाढावा, हाच परिषदेचा हेतू होता. तेव्हा त्यांना विश्वासात घेऊनच या कामाचा आरंभ व्हावा, असे आम्हाला मनापासून वाटते.