चिठ्ठीने ठरलेला उपचार

नव्या उपचाराची परीक्षा घेताना तो कोणत्या रोग्याला द्यायचा हे डॉक्टर ठरवीत नाहीत, चिठ्ठी ठरवते, असे ऐकले की आपल्या कपाळाला आठ्या पडतात. माणसाच्या जिवाशी हा कसला जुगार? पण या रीतीमागे मोठी न्यायबुद्धी आहे.

क्षयरोगाचेच उदाहरण घेऊ. पूर्वी क्षय झाला की सॅनेटोरियम हाच उपाय मानला जाई. तिथे मोकळी हवा, सकस आहार आणि संपूर्ण विश्रांती मिळे. पण भारतात क्षयाचे रोगी लाखो आणि खाटा थोड्या. पुढे गुणकारी औषधे निघाली, तेव्हा प्रश्न उभा राहिला : गरिबाने आपल्या दाटीवाटीच्या घरीच राहून गोळ्या घेतल्या तर तो बरा होईल का? आणि घरातल्या मुलाबाळांचे काय?

याचे उत्तर शोधण्यासाठी १९५६ साली मद्रासला एक केंद्र उघडले. भारतीय वैद्यक संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यक संशोधन परिषद यांचे ते संयुक्त कार्य होते. डॉ. वॉलेस फॉक्स त्याचे प्रमुख होते.

आता विचार करा. निवड डॉक्टरांवर सोपवली असती तर त्यांनी दयेपोटी अधिक खंगलेल्यांना सॅनेटोरियममध्ये धाडले असते. मग वर्षअखेर घरचे रोगी अधिक बरे दिसले असते. पण ते उपचाराने की मुळात आजारच कमी म्हणून, हे कोण सांगणार? म्हणून १९३ रोग्यांची वाटणी चिठ्ठ्या टाकाव्यात तशी, कोणाच्याही मर्जीवर न ठेवता झाली. त्यामुळे अशक्त-सशक्त दोन्हीकडे सारखे विभागले जाण्याची शक्यता वाढली. औषधे दोघांनाही तीच : आयसोनियाझिड आणि पी. ए. एस., वर्षभर.

१९५९ साली निकाल प्रसिद्ध झाला. वर्षअखेर सॅनेटोरियममधल्या शंभरांतील ९२ आणि घरच्या शंभरांतील ८६ रोग्यांचा रोग आटोक्यात आला होता. आहार आणि विश्रांती कमी मिळूनही घरचे रोगी फारसे मागे नव्हते. घरच्या माणसांनाही त्यामुळे अधिक धोका झाल्याचे आढळले नाही. खाट मिळेपर्यंत वाट पाहण्याचे कारण उरले नाही. जगभर क्षयरोग्यांवर घरीच उपचार करण्याच्या पद्धतीला यातून मोठे बळ मिळाले.

ही रीत त्याआधी ब्रिटनमध्ये रूढ होऊ लागली होती. तिथे स्ट्रेप्टोमायसीन फारच थोडे होते. सर्वांना पुरणे शक्य नव्हते. सर ऑस्टिन ब्रॅडफोर्ड हिल यांच्या योजनेप्रमाणे बंद पाकिटांतून ५५ जणांना औषध आणि विश्रांती, ५२ जणांना नुसती विश्रांती मिळाली. सहा महिन्यांत पहिल्या गटातले ४ दगावले, दुसऱ्यातले १४. हा अहवाल १९४८ चा.

कोणता उपचार सरस हे खरोखरच ठाऊक नसते, तेव्हाच चिठ्ठी न्याय्य ठरते. ठाऊक असताना टाकली तर तो अन्याय होय.

वाचक बंधुभगिनींनो, आपल्या बेटावर किंवा परदेशी तुम्हाला वा घरच्या वडीलधाऱ्यांना अशा चाचणीत बोलावले, तर घाबरू नका, पण मुकाट्याने सहीही करू नका. दोन्ही गटांना काय मिळणार, त्रास झाल्यास कोण पाहणार, हे विचारा. मध्येच बाहेर पडण्याचा हक्क तुम्हाला आहे, आणि त्यामुळे तुमचा नेहमीचा उपचार थांबता कामा नये.