पायाची बंद रक्तवाहिनी : छेदाच्या लांबीवरून उपचार ठरत नाही

गैरसमज : जांघेतल्या लहानशा छिद्रातून काम होत असताना बायपास कशाला?

वस्तुस्थिती : १६ जानेवारी १९६४ रोजी अमेरिकेतील पोर्टलंड इथे चार्ल्स डॉटर यांनी, पाय कापायला नकार देणाऱ्या ८२ वर्षांच्या महिलेच्या मांडीतली अरुंद रक्तवाहिनी नळी सरकवून रुंद केली आणि तिचा पाय वाचवला. आजची फुग्याची आणि स्टेंटची अँजिओप्लास्टी ही त्याच वाटेवरची पुढची पावलं. तिचे फायदे खरे आहेत : बहुधा पूर्ण भूल लागत नाही, जखम छोटी असते, घरी लवकर जाता येतं. पण हे फायदे पहिल्या काही दिवसांचे आहेत. खरी कसोटी पाय पुढची वर्षं टिकतो का, ही. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘बेस्ट-सीएलआय’ या अभ्यासात बसल्याजागी होणाऱ्या वेदना, न भरणारी जखम किंवा गँगरीन असलेले १,८३० रुग्ण होते. ज्यांच्या पायातली लांब शीर बायपाससाठी, म्हणजे अडथळ्याला वळसा घालणाऱ्या नव्या रक्तमार्गासाठी, चांगली होती, त्यांच्यात मृत्यू, घोट्याच्या वर पाय कापणं किंवा पुन्हा मोठा उपचार करावा लागणं यांपैकी काहीतरी घडण्याचं प्रमाण बायपासनंतर ४२.६ टक्के, तर अँजिओप्लास्टीनंतर ५७.४ टक्के होतं. मृत्यूंचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखंच होतं. फरक पडला तो पाय कापावा लागण्यात आणि पुन्हा उपचार करावे लागण्यात.

गैरसमज : मग बायपासच सरस.

वस्तुस्थिती : तसंही नाही. त्याच अभ्यासात ज्यांची शीर चांगली नव्हती, त्यांच्यात दोन्ही उपचारांत ठोस फरक दिसला नाही. २०२३ च्या ‘बेसिल-२’ अभ्यासात तर निकाल उलट लागला. त्यातल्या ३४५ रुग्णांना गुडघ्याखालच्या रक्तवाहिन्यांवर उपचार हवे होते. मृत्यू किंवा मोठा अवयवच्छेद यांचं प्रमाण बायपासमध्ये ६३ टक्के, अँजिओप्लास्टीत ५३ टक्के होतं आणि हा फरक मुख्यतः मृत्यूंमुळे पडला. तज्ज्ञांचंच एकमत नसेल तर रुग्णाने काय करायचं, असा आक्षेप इथे रास्त आहे. पण दोन अभ्यासांतले रुग्ण आणि अडथळ्यांच्या जागा सारख्या नव्हत्या, त्यामुळे एका निकालाने दुसरा खोटा ठरत नाही. त्यातून निर्णयाचे प्रश्न मात्र हाती येतात : अडथळा कुठे आणि किती लांब आहे? सोनोग्राफीत शीर पुरेशी रुंद आणि निरोगी दिसते का? हृदय आणि मूत्रपिंडं मोठी शस्त्रक्रिया सोसतील का? केवळ वयाचा आकडा या प्रश्नांची जागा घेऊ शकत नाही.

गैरसमज : चालताना पोटरी दुखली की रक्तवाहिनी उघडलीच पाहिजे, उघडली की आजार संपला.

वस्तुस्थिती : चालताना दुखतं आणि थांबल्यावर ओसरतं, अशा बहुतेक रुग्णांसाठी तंबाखू सोडणं, कोलेस्टेरॉल कमी करणारं स्टॅटिन, रक्ताची गुठळी रोखणारं औषध आणि देखरेखीखाली नियमित चालणं हे पहिले उपचार आहेत. फुगा किंवा बायपास एका अडथळ्यावर मार्ग काढतो. रक्तवाहिन्यांचा आजार शरीरभर उरतोच, म्हणून ही काळजी नंतरही चालू ठेवावी लागते. उलट बोट काळं पडलं किंवा जखम भरेना, तर थांबणं घातक आहे. मधुमेहात नसा बधिर झाल्याने वेदना जाणवतही नाही. अशा वेळी तातडीने रक्तवाहिन्यांच्या शल्यचिकित्सकाकडे जावं आणि पाय कापण्याचा सल्ला मिळाला तर आधी विचारावं : रक्तपुरवठा तपासला का, आणि तो पुन्हा सुरू करण्याचे दोन्ही मार्ग पडताळले का?