पोटाला मुका मार लागला, तर?



आपल्या शिरूर-दौंड भागात उसाचा हंगाम आला की ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची वर्दळ वाढते. कुणी मोटारसायकलवरून पडतं, कुणाला गोठ्यात बैलाची लाथ बसते. वरून जखम नसते, म्हणून "मुका मार आहे, लेप लावा" असं म्हणून माणसाला घरीच झोपवतात. धोका इथेच असतो.

यकृत म्हणजे लिव्हर. ते पोटात उजवीकडे, फासळ्यांखाली असतं. जोराचा मार बसला तर ते फाटतं आणि आतल्या आत रक्त साचतं. उजव्या कुशीत किंवा खांद्यात दुखणं, पोट कडक होणं, चक्कर, गार घाम ही त्याची लक्षणं. कधी ती काही तासांनी दिसतात. पोट चोळू नका, खायला-प्यायला देऊ नका, मनाने गोळी देऊ नका. १०८ ला फोन करा.

आमच्या बैठकांत बायका विचारतात, "लिव्हर फाटलंय, तरी डॉक्टर ऑपरेशन का करत नाहीत?" कारण यकृताचा रक्तस्राव बहुतेक वेळा आपोआप थांबतो आणि जखम भरून येते. नाडी आणि बीपी स्थिर असेल, तर बहुतेकांना ऑपरेशन लागत नाही. पण हे नुसतं झोपवून ठेवणं नव्हे, हा पहारा आहे. सीटी स्कॅन करतात, बीपी, नाडी आणि हिमोग्लोबिन पुन्हा पुन्हा तपासतात.

रक्त देऊनही बीपी घसरत राहिलं किंवा आतडंही फाटलं असेल, तर लगेच ऑपरेशन करावं लागतं. कधी यकृताभोवती कापडी घड्या दाबून ठेवतात आणि एक-दोन दिवसांनी पुन्हा पोट उघडून काढतात. दुसरं ऑपरेशन म्हणजे पहिलं बिघडलं, असं समजू नका.

म्हणून दवाखान्यात तीन गोष्टी विचारा: रक्त मिळेल का? सीटी स्कॅन आहे का? रात्री सर्जन असतील का? नसतील, तर डॉक्टरांना सांगून ॲम्ब्युलन्सनेच पुण्याला ससूनसारख्या मोठ्या रुग्णालयात न्या. रेशनकार्ड, आधारकार्ड जवळ ठेवा आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करा. बरं वाटतंय म्हणून हट्टाने डिस्चार्ज घेऊ नका.

घरी आल्यावर डॉक्टर सांगेपर्यंत चाऱ्याचा भारा, पाण्याचा हंडा, मोटारसायकल बंद. त्या दिवसांत गटातल्या मैत्रिणींनी तिचं काम वाटून घ्यावं. पोटदुखी वाढली, ताप आला, डोळे पिवळे झाले, रक्ताची उलटी किंवा काळी शी झाली, तर त्याच दिवशी परत न्या.