पसरणीच्या घाटातील धडा

वाईहून पाचगणीकडे निघालेली गाडी पसरणीचा घाट चढू लागली की मुलांच्या कानांना दडे बसतात आणि खाऊच्या पिशवीतील वेफर्सचे बंद पाकीट टम्म फुगते. मोठ्यांचे तिकडे फारसे लक्ष जात नाही. हवेच्या दाबाचा पहिला धडा मात्र तेथेच असतो.

हवेला वजन असते. समुद्रसपाटीला प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे १ किलो हवेचा भार असतो. वाई सुमारे ७०० मीटर उंचीवर, तर पाचगणी सुमारे १३०० मीटरवर आहे. एवढ्या चढणीत हा भार साधारण ६ ते ७ टक्क्यांनी घटतो. पाकिटातील हवा तेवढीच राहते, बाहेरचा दाब कमी होतो आणि पाकीट फुगते.

याच हवेच्या आधारावर विमान उडते. पंखावरून जाणाऱ्या हवेला लांबचा रस्ता असतो, म्हणून खालच्या हवेला गाठण्यासाठी ती वेगाने धावते, असे पुष्कळदा शिकवले जाते. ते बरोबर नाही. वरची हवा खालच्या हवेच्या आधीच मागच्या कडेला पोहोचते. पंख हवेला खाली वळवतो आणि हवा पंखाला वर रेटते; पंखाच्या वर दाब कमी व खाली अधिक असतो, तो याच क्रियेचा भाग होय. पतंग हातात धरून हे मुलांना सहज दाखवता येते. तिरका धरलेला पतंग वाऱ्याला खाली वळवतो आणि स्वतः वर चढतो. मात्र जयणा पाळावी: काचेचा मांजा नको, साधा सुती दोरा घ्यावा आणि पक्ष्यांच्या येण्याजाण्याच्या सकाळ-संध्याकाळच्या वेळा टाळाव्यात.

व्यापारी घरातील मुलांना पुढचा भाग तराजूवरून समजतो. विमान एका उंचीवर, एका वेगाने जात असताना उचलणारे बल वजनाइतके आणि पुढे नेणारे बल हवेच्या विरोधाइतके असते. दोन्ही तराजू समतोल!

सोलापूरच्या जैन व्यापारी घराण्यातील शेठ वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाच्या सहभागाने डिसेंबर १९४० मध्ये बंगळूरला विमानांचा कारखाना उभारला. तेथे आरंभी परदेशी आराखड्यांची विमाने जोडली जात. पुढे कारखाना सरकारकडे गेला. जर्मनीत लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली वायुगतीचा अभ्यास केलेले डॉ. विष्णु माधव घाटगे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत हा विषय शिकवू लागले आणि नंतर याच कारखान्यात आले. त्यांच्या नेतृत्वाखाली आखलेले एचटी-२ हे प्रशिक्षण विमान १९५१ मध्ये आकाशात झेपावले.

शेठजींच्या भांडवलाने कारखाना उभा राहिला, परंतु आपला आराखडा आकाशात जाण्यास अभ्यासाची जोड लागली. आपल्या घरांत हिशेबाचे शिक्षण लहानपणापासून मिळते. प्रश्न विचारण्याचेही मिळावे. घाटात मुलाने ‘पाकीट का फुगले?’ असे विचारले, तर त्याला गप्प न करता गाडी क्षणभर बाजूला घ्यावी.