स्पार्क प्लग घेताना किंमत नाही, नंबर बघा

गेल्या वर्षी पोरीच्या बारावीच्या पेपरला तेलगावकडून धारूरला निघालो होतो. घाट चढताना गाडी आचके द्यायला लागली आणि दुसऱ्या वळणावर बंदच पडली. किक मारून मारून पाय दुखला. शेवटी मागून आलेल्या एका टेम्पोवाल्याने पोरीला सेंटरपर्यंत सोडलं. दहा-पंधरा मिनिटंच हातात होती.

गाडीला काय झालं होतं? चारच दिवस आधी नवा प्लग टाकला होता. दुकानदार म्हणाला होता, "हा रेसिंगचा आहे, पॉवर वाढते." मिस्त्रीने तो काढून दाखवला, तर काजळीने काळाकुट्ट. जुन्या प्लगवर ७ नंबर होता, नव्यावर ९. प्लग खराब नव्हता, माझ्या गाडीचा नव्हता एवढंच.

आपल्याकडे प्लग घेताना "चांगल्यातला द्या" एवढंच म्हणतात. पण महाग प्लग म्हणजे चांगला प्लग असं नसतं. प्लगवर जो नंबर छापलेला असतो, त्यातच सगळी माहिती असते.

नंबर कसा वाचायचा?

एनजीके कंपनीचा 'सीपीआर८ईए-९' हा प्लग उदाहरणाला घेऊ. 'सी' म्हणजे आट्याची जाडी १० मिलिमीटर. 'पी' म्हणजे टोक थोडं पुढे आलेलं. 'आर' म्हणजे आत रेजिस्टर आहे. '८' हा उष्णतेचा नंबर. 'ई' म्हणजे आट्याची लांबी १९ मिलिमीटर. शेवटचा '९' म्हणजे गॅप ०.९ मिलिमीटर.

लांबीच्या जागी 'एच' असेल तर आटे १२.७ मिलिमीटरचे. इथे चूक झाली तर नुकसान मोठं. आखूड प्लगच्या जागी लांब प्लग बसवला तर पिस्टन येऊन त्यावर आदळू शकतो. शे-दोनशे रुपयाच्या वस्तूपायी इंजिन उघडायची वेळ येते.

गरम प्लग, थंड प्लग

याचा ठिणगीच्या ताकदीशी काही संबंध नाही. प्लगचं टोक आपली उष्णता किती लवकर इंजिनच्या हेडला देतं, त्यावर हे नाव पडलंय. टोक साधारण ५०० ते ८०० अंशाच्या दरम्यान राहिलं पाहिजे. त्याच्या खाली राहिलं तर काजळी जळून जात नाही, साचत जाते. फारच वर गेलं तर ठिणगी पडायच्या आधीच पेट्रोल पेटतं आणि पिस्टनला भोक पडायची पाळी येते.

रेसच्या गाडीचं इंजिन सारखं तापलेलं असतं, म्हणून तिला थंड प्लग लागतो. आपली गाडी शेत ते गाव, गाव ते दूध डेअरी अशी हळूहळू चालणारी. तिला थंड प्लग टाकला की काजळी धरलीच म्हणून समजा.

अजून एक घोळ आहे. एनजीकेमध्ये नंबर मोठा तसा प्लग थंड. बॉश आणि चॅम्पियनमध्ये उलटं, नंबर मोठा तसा प्लग गरम. म्हणून कंपनी बदलायची असेल तर नुसता आकडा जुळवू नका. दुकानदाराकडे तक्ता असतो, त्यात आपल्या गाडीचं मॉडेल आणि साल बघूनच घ्या.

इरिडियम घ्यावा का?

साध्या प्लगचं टोक निकेलचं असतं. इरिडियम हा फार कठीण धातू, २४०० अंशाच्या वर वितळणारा. म्हणून त्याचं टोक बारीक ठेवता येतं आणि तो जास्त दिवस टिकतो. स्टार्टिंगला फरक पडू शकतो, पण १०० सीसीची गाडी त्याने १५० सीसीची होत नाही. कंपनीने इरिडियम दिला असेल तर इरिडियमच टाका. साधा दिला असेल तर साधा पुरेसा आहे.

पल्सर आणि टर्बो कारवाल्यांसाठी

२००३ साली बजाजने पल्सरमध्ये डीटीएस-आय इंजिन आणलं, त्यात एकाच सिलिंडरला दोन प्लग असतात. २०० एनएसला तर तीन. बरेच जण हाताला लागणारा एकच बदलतात. बदलायचे तर सगळे एकदम बदला.

पुण्या-मुंबईला कामाला असलेली आपली पोरं आता टर्बो पेट्रोल गाड्या घेऊन गावाकडे येतात. टर्बोमध्ये दाब जास्त असतो. गॅप वाढलेला असला की जोर लावताना ठिणगी तुटते आणि गाडी मिसिंग करते. अशा गाडीला मॅन्युअलमधला नंबर आणि गॅप तंतोतंत पाहिजे. इंजिनची ताकद ट्यूनिंग करून वाढवली असेल, तरच ट्यूनिंग करणाऱ्याच्या सल्ल्याने एक पायरी थंड प्लग घेतात.

एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांना 'आर'वाला प्लगच लावा. बिगर रेजिस्टरच्या प्लगने गाडीतल्या कॉम्प्युटरला त्रास होऊ शकतो.

बसवताना

इंजिन थंड होऊ द्या. प्लगभोवतीची माती फुंकून काढा, नाहीतर ती सिलिंडरमध्ये जाते. आधी हाताने फिरवा. हाताने फिरत नसेल तर आटे वाकडे लागलेत, जोर लावू नका. टेकल्यावर नव्या वायसरच्या प्लगला पान्याने साधारण अर्धा फेरा पुरतो. हेड ॲल्युमिनियमचं असतं, आटे गेले की खर्च वाढला.

जुना प्लग फेकायच्या आधी त्याचा रंग बघा. बिस्किटासारखा तपकिरी असेल तर इंजिन ठीक. कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त येतंय, एअर फिल्टर चोंदलाय किंवा प्लग जास्तच थंड आहे. तेलकट असेल तर ऑइल वर येतंय. पांढराफटक असेल तर इंजिन जास्त तापतंय, मिस्त्रीला दाखवा.

आणि एक काम आजच करा. गाडीच्या मॅन्युअलमधला प्लगचा नंबर मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा. दुकानात गेल्यावर "चांगल्यातला द्या" म्हणू नका, फोटो दाखवा. मी हे आधी केलं असतं, तर पेपरच्या दिवशी पोरीवर घाटात उभं राहायची वेळ आली नसती.