उशिरा पिकणाऱ्या द्राक्षाच्या गावी

इटलीच्या वायव्येला, तूरिनपासून साठेक किलोमीटरवर आल्बा नावाचं एक शहर आहे. त्याच्या दक्षिणेला लांगेच्या टेकड्या सुरू होतात. आपल्याकडची मंडळी रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस उरकून परततात, फार तर टस्कनीपर्यंत जातात. लांगेला जायचं मनात आलंच, तर विमानाची तिकिटं काढण्याआधी नेब्बिओलो या द्राक्षाची ओळख करून घ्यावी. सहलीची तारीख त्यालाच ठरवू द्यावी.

हे द्राक्ष मुलखाचं हट्टी आहे. इथल्या वेलींमध्ये सगळ्यांत आधी डोळे फुटतात ते याचे आणि सगळ्यांत शेवटी पिकतं तेही हेच. वसंतातली उशिराची थंडी याला चावते आणि ऑक्टोबरचा पाऊसही यालाच गाठतो. म्हणून दक्षिणेकडे तोंड केलेले, बर्फ आधी वितळतो असे उतार याला द्यायचे, हे इथल्या शेतकऱ्यांनी कधीच ठरवून टाकलं. पाठीमागच्या थंड उतारांवर हेझलनटची झाडं लावली. आल्बात १९४६ साली फेरेरो कंपनी सुरू झाली तेव्हा युद्धामुळे कोको दुर्मिळ होता आणि हेझलनट मात्र दाराशी होतं. न्यूटेलाची १९६४ची बाटली त्याच हिशेबातून आली. म्हणजे टेकडीचं ऊन वाइनला गेलं आणि सावली चॉकलेटला!

नाशिकच्या बागाईतदाराला तर इथे वेगळीच गंमत दिसेल. आपल्याकडे ऑक्टोबर छाटणीची गडबड असते, त्याच सुमाराला तिथे नेब्बिओलोचे घड उतरत असतात. आपली वेल थंडीतही झोपत नाही, म्हणून एप्रिल आणि ऑक्टोबर अशा दोन छाटण्या करून आपण तिला वळण लावतो. तिथली वेल पानं गाळून सरळ निजते आणि छाटणी त्या झोपेतच होते.

आता जरा मातीकडे बघू. पायाखालची निळसर करडी, भुसभुशीत माती म्हणजे समुद्राचा तळ आहे. एक कोटी वर्षांपूर्वी इथे पाणी होतं. या काळाला जगभरचे भूशास्त्रज्ञ ‘टॉर्टोनियन’ म्हणतात, तेही याच प्रांतातल्या तोर्तोना गावावरून. पश्चिमेकडच्या ला मोर्रा आणि बारोलो गावांत ही चुनखडीयुक्त माती, तर पूर्वेला सेर्रालुंगाकडे त्याहून जुने, वालुकाश्म मिसळलेले थर. पहिल्या बाजूची वाइन लवकर मवाळ होते, दुसऱ्या बाजूची वर्षानुवर्षं ताठ राहते, असं जाणकार सांगतात.

टेकड्या इतक्या उभ्या का, याचंही उत्तर भन्नाट आहे. तानारो नदी पूर्वी उत्तरेला पो नदीकडे जायची. ब्रा गावाजवळ तिला पूर्वेच्या खोलगट खोऱ्यातल्या प्रवाहाने पळवलं. भूगोलाच्या पुस्तकातलं नदीचौर्य ते हेच. पात्र एकदम खाली गेलं, ओढ्यांनीही तळ खरवडायला सुरुवात केली आणि हे सगळे उतार कोरले गेले. २०१४ साली युनेस्कोने या द्राक्षमळ्यांना जागतिक वारसा ठरवलं. त्यात नदीच्या त्या चोरीचा वाटा मोठा आहे.

नेब्बिओलोपासून बनणारी बारोलो वाइन फक्त ११ गावांच्या हद्दीत होते आणि त्या हद्दीत नावानिशी नोंदलेली १७० शिवारं आहेत. नियमाने ती निदान ३८ महिने मुरवायची, त्यातले १८ लाकडी पिंपात. पेला उजेडात धरला तर फसायला होतं. रंग फिका, कडेला विटकरी, पलीकडची बोटं दिसावीत इतका पारदर्शक. घोट घेतला की मात्र हिरड्या आवळून येतात, कच्चं जांभूळ खाल्ल्यासारखं. नेब्बिओलोच्या सालीत टिकाऊ रंग कमी आणि टॅनिन भरपूर, म्हणून ही फसवणूक.

द्राक्षतोडणीखेरीज ऑक्टोबरात जायचं दुसरं कारण म्हणजे पांढरं ट्रफल. ही बुरशी ओक, पॉप्लर, लिंडन अशा झाडांच्या मुळांशी जमिनीखाली वाढते. तिचे बीजाणू वाऱ्यावर उडू शकत नाहीत, म्हणून कुणीतरी प्राण्याने उकरून खावं यासाठी ती वासाचा दरवळ सोडते. तो वास आपल्यासाठी नाहीच मुळी! शोधायला कुत्रे नेतात, आणि बऱ्याचदा रात्री. डुकरांना इटलीत १९८५पासून बंदी आहे. हे ट्रफल शिजवत नाहीत, उष्णतेने वास उडून जातो. ताजारिन नावाच्या पिवळ्याधमक बारीक शेवयांवर ते समोर किसून घालतात. पैसे ग्रॅमवर, तेव्हा किसणाऱ्याच्या हातावर नजर ठेवलेली बरी.

अंडं चालणाऱ्या शाकाहाऱ्यांचं इथे छान जमतं, ताजारिन अंड्याच्या बलकातच मळलेले असतात. ‘बान्या काउदा’ मात्र विचारून घ्या. भाज्या बुडवून खायच्या त्या लसणीच्या गरम कालवणात अँकोवी मासा विरघळलेला असतो.

तूरिनहून आल्बापर्यंत रेल्वे आहे, पण टेकड्यांवरच्या गावांत गाडीशिवाय निभाव लागत नाही. गाडी आली की वाइनचा प्रश्न आला. इटलीत रक्तातल्या मद्याची मर्यादा लिटरला अर्धा ग्रॅम आहे आणि परवाना तीन वर्षांच्या आतला असेल तर शून्य. तळघरात चव घेऊन थुंकायचं भांडं ठेवलेलं असतं, ते संकोच न करता वापरावं. नाहीतर एक दिवस भाड्याचा ड्रायव्हर करावा. तळघराची वेळ आधी कळवून ठरवा, दारात जाऊन उभं राहिल्यास परत फिरावं लागू शकतं.

धुकं हा एकच धोका. शरदात ते दरीत साचतं आणि ला मोर्राच्या गच्चीवरून दिसणारा सगळा देखावा गिळून टाकतं. ट्रफलचा मोह नसेल तर मी मेअखेर सुचवेन. कोवळी हिरवी पालवी असते आणि हवा स्वच्छ असली तर पश्चिमेला ३,८४१ मीटर उंचीचं मोनविझो शिखर दिसतं. ट्रफल हवंच असेल तर सोमवार ते गुरुवार जा. ट्रफलच्या जत्रेच्या दिवसांत शनिवार-रविवारी आल्बाला सगळी इटली लोटते.