गाडीतला खडखडाट : आधी ऐका, मग दुरुस्त करा

घरात गाडी आली की बरीच कामे सोपी होतात. ईदला गावी जाणे, अम्मीला दवाखान्यात नेणे, मुलांना शाळेत सोडणे. गाडी जुनी असेल तर घाटातल्या आणि पावसाने उखडलेल्या रस्त्यांवर काही महिन्यांतच आतून आवाज येऊ लागतात. मग कोणी गाण्याचा आवाज वाढवतो, तर कोणी थेट गॅरेज गाठून नको तेवढे बिल करून घेतो. खरे पाहता आतले बहुतेक आवाज निरुपद्रवी असतात आणि घरीच, थोड्या पैशांत बंद होतात. ते बंद करायलाच हवेत, कारण या गोंगाटात एखादा धोक्याचा आवाज ऐकू येत नाही.

आवाज ओळखा

करकर किंवा चूंचूं असा आवाज दोन पृष्ठभाग एकमेकांवर अडखळत सरकल्याने होतो. फळ्यावर खडू करकरतो, तसाच हा प्रकार. खडखड मात्र सैल वस्तू आपटल्याने होते. आवाज कोणत्या वेगाला, कसल्या रस्त्यावर आणि कोणत्या वेळी येतो, हे दोन दिवस लिहून ठेवा. हिवाळ्यात सकाळी येणारा आवाज दुपारी गेला, तर संशय डॅशबोर्डच्या प्लॅस्टिकवर घ्यावा. थंडीत ते आकसते आणि सांधे ढिले होतात.

गाडी रिकामी करा

समोरचा खण, दारांचे कप्पे आणि डिकी पूर्ण रिकामी करा. अत्तराची बाटली, सुटी नाणी, मुलांची पाण्याची बाटली, आरशाला टांगलेली तस्बीह, सगळे बाहेर काढा. जॅक, पाना आणि स्टेपनी घट्ट बसली आहे का, ते पाहा. मागच्या रिकाम्या सीटच्या बेल्टचे बक्कल खांबावर आपटते, तेही तपासा. चाकांत हवा प्रमाणापेक्षा जास्त असेल तर प्रत्येक हादरा आत येतो. योग्य दाब बहुधा चालकाच्या दाराजवळच्या स्टिकरवर लिहिलेला असतो.

एवढे करूनही आवाज राहिला तर दोघांनी मिळून शोधा. एकाने गाडी हळू चालवावी, दुसऱ्याने शेजारी, मग मागे बसून डॅशबोर्ड, दारांची आतली पट्टी, सीटची पाठ असे एकेक ठिकाण हाताने दाबावे. दाबताच आवाज थांबला की जागा सापडली. चालवणाऱ्याने हे काम करू नये.

स्वस्त इलाज

प्लॅस्टिक प्लॅस्टिकला घासत असेल तर फटीत फेल्टची चिकटपट्टी लावा. गाडीच्या सामानाच्या दुकानात ती मिळते. तुटलेली क्लिप बदला. दारांची रबरे ओल्या कापडाने पुसून, वाळल्यावर कापडावर थोडा सिलिकॉन स्प्रे घेऊन चोळा. इंजिन ऑइल किंवा साधे ग्रीस लावू नका, त्याने रबर फुगते. डिकीचे दार खडखडत असेल तर त्याचे रबरी बफर तपासा. अनेक गाड्यांत ते फिरवून वर-खाली करता येतात. जॅकभोवती जुना टॉवेल गुंडाळला तरी पुरे.

येथे हात लावू नका

स्टिअरिंग, डॅशबोर्ड, पुढचे खांब किंवा सीट, जिथे एअरबॅगची खूण आहे तिथे काही उघडू नका, फोम कोंबू नका. सीट हलत असेल किंवा बेल्ट नीट अडकत नसेल तर घरगुती उपाय नको.

काही आवाज आतून येतात असे वाटते, पण त्यांचे मूळ खाली असते. गतिरोधकावर ठक्क असा आवाज आला तर सस्पेन्शनचे बुश किंवा लिंक झिजलेले असू शकतात. स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी चालवताना टकटक झाली, तर चाकाकडे जाणाऱ्या एक्सलचा सांधा तपासावा. ब्रेक दाबताच किंचाळल्यासारखा आवाज येत राहिला, तर ब्रेक पॅड संपत आले असावेत. अशा वेळी लांबचा सफर पुढे ढकला आणि आधी मेकॅनिककडे जा. मागच्या सीटवर बसलेली मुले आपल्याकडे अमानत आहेत.

गाडी विकताना

गिऱ्हाईक चाचणीसाठी आले की मोठ्याने गाणी लावून आवाज झाकण्याची युक्ती सर्रास चालते. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला आणि आतला ओलावा विक्रेत्याला दाखवून दिला, हा प्रसंग आपण सर्वांनी ऐकला आहे. मालातला ऐब सांगणे ही विकणाऱ्याची जबाबदारी आहे. गाडी विकताना टेप बंद ठेवा. जो आवाज दुरुस्त झाला नाही, तो गिऱ्हाइकाला स्वतःहून सांगा. किंमत थोडी कमी येईल, पण त्या गाडीत उद्या दुसऱ्या कोणाची तरी मुले बसणार आहेत.